पायांखालचा उजेड

मावशीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि घरात कुणाला स्वस्थता उरली नाही. पट्टी सुटली त्या सकाळी तिने आधी पंख्याच्या पात्यांवरची धूळ पाहिली, मग ओट्यामागच्या फरश्यांच्या फटी पाहिल्या, मग आरशात स्वतःला पाहिलं आणि पुढच्या खोलीत हाक मारून बहिणीला विचारलं, की मी अशी कधीपासून दिसते. बहीण शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली, की झाली बरीच वर्षं, आम्ही बोललो नाही इतकंच.

डावा डोळा अजून जुनाच होता. डॉक्टर म्हणाले होते, एकाचं नीट बस्तान बसू दे, मग दुसऱ्याला हात लावू. त्यामुळे मावशीला एक नवीनच चाळा लागला. डावा डोळा मिटायचा आणि भिंत बघायची, पांढरीशुभ्र, ओरखड्यांसकट. उजवा मिटायचा आणि तीच भिंत बघायची, पिवळट, दुधावर साय धरल्यासारखी. दिवसभर ती आळीपाळीने डोळे मिटत घरभर फिरायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा समज झाला की त्या जिन्यात भेटल्या तेव्हा मावशीने त्यांना डोळा मारला.

त्या घरात तिघी राहत. मावशी, तिची थोरली बहीण आणि बहिणीची मुलगी. बहीण शाळांचे आणि क्लबांचे खेळाचे कपडे शिवायची, त्यामुळे घरात कायम नाड्या आणि बनियनवर लावायचे कापडी आकडे पायांत यायचे. मुलगी चालायची. म्हणजे चालतात सगळेच, पण ही शर्यतीत चालायची. त्या चालीत कंबर अशी काही हलते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू आवरत नाही, म्हणून गल्लीतल्या पोरांनी तिला शाळेत असतानाच बदक म्हणायला सुरुवात केली होती. तिने ते नाव इतकं बिनतक्रार घेतलं की पुढे आईनेच तिच्या पिशवीवर पिवळ्या दोऱ्याने बदक काढून दिलं. मावशीला मावशी केलं तेही तिनेच. लहानपणी ती मावशीच्या ऑफिसात येऊन टेबलाखाली बसायची, आणि तिचं ऐकून ऐकून सगळं ऑफिस मावशी म्हणायला लागलं, वयाने मोठे असलेले क्रीडासंपादकसुद्धा.

मावशी एका दैनिकात होती. लागली होती ती स्पर्धांचे निकाल टाइप करायला. धावणाऱ्यांच्या वेळा, फेकीची अंतरं, उड्यांच्या उंच्या. आकडे बडवता बडवता तिला आकड्यांमागची माणसं दिसायला लागली, आणि मैदानी स्पर्धांवर लिहिणारे गृहस्थ एकदा ऐन वेळी आजारी पडले तेव्हा त्यांचा रकाना हिने भरून दिला. गृहस्थ बरे झाले, पण रकाना परत मिळाला नाही त्यांना. क्रीडापानावर चेंडूचं राज्य. चेंडू नसलेले सगळे खेळ खालच्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात, आणि त्या कोपऱ्यात मावशीचा शब्द चालायचा. भाचीबद्दल लिहायची वेळ आली की ती आधीच सांगून टाकायची, ही माझी भाची आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. वाचक घेत असत.

चालण्याच्या शर्यतीचा नियम सांगायला सोपा आहे. एक पाय तरी सतत जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही उचलले गेले की ते चालणं राहिलं नाही. पण हे ठरवायचं कशाने, तर माणसाच्या डोळ्याने. कॅमेरा चालत नाही, दुर्बीण चालत नाही. रस्त्याच्या कडेला पंच उभे असतात. शंका आली तर पिवळी पाटी दाखवतात, खात्री झाली तर लाल कार्ड लिहून पाठवतात, आणि तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डं जमली की खेळाडू बाहेर. कुणाच्या नावापुढे किती लाल झाली ते एका फलकावर लागत जातं. पंचांनी आपसात बोलायचं नाही. ज्याचा त्याचा डोळा.

बदकचा सराव तळ्याकाठच्या रस्त्यावर व्हायचा. क्लबचे मास्तर टोकाला घड्याळ घेऊन उभे राहायचे, पण समोरून येणाऱ्याचे पाय सुटले की नाही हे समोरून कळत नाही, बाजूने बघावं लागतं. म्हणून मावशी वळणावर स्टूल टाकून बसायची. बुटांखाली उजेडाची फट दिसली की ओरडायची, "उजेड!" सकाळी फिरायला येणाऱ्यांना वाटायचं, बाई सूर्य उगवल्याची वर्दी देतात. एक आजोबा रोज मान डोलावून म्हणायचे, हो हो, झालं खरं. बदक तो शब्द कानावर पडला की पुढचं पाऊल आखडायची. शाळेपासून हेच चाललं होतं. पाऊल किती ताणायचं, वेग कुठवर न्यायचा, हे बदक स्वतःच्या पायांना विचारत नव्हती. मावशी ओरडली की नाही, एवढंच बघत होती.

गेल्या दोन वर्षांत मावशीचं ओरडणं कमी होत गेलं. आधी फेरीला कितीदा तरी, मग अधूनमधून, मग महिनोन्‌महिने नाहीच. बदकची पावलं लांबली, वेग वाढला, देशातल्या पहिल्या तिघींत तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. मास्तर म्हणाले, चाल मुरली आता. आजोबांना चुकल्यासारखं व्हायला लागलं. मावशीने तर लेखच लिहिला, वाचकांची माफी वगैरे मागून.

अशात तो स्लोमो उपटला. खरं नाव काही का असेना, ऑफिसात त्याला स्लोमोच म्हणत. मोबाइलवर मैदानी खेळांच्या बातम्या आणि मतं देणारा तरुण, शर्यतींची चित्रफीत हळू करून दाखवण्यात पटाईत. त्याने बदकची एक फीत टाकली. तिच्यात बदक दोन्ही पाय जमिनीपासून वर घेऊन आरामात तरंगत होती. खाली लोकांनी जे लिहायचं ते लिहिलं. मावशीने त्याला रकान्यातून असा काही धुतला की संपादकांनी तो लेख वरच्या अर्ध्यात घेतला, चेंडूच्या शेजारी. नियम डोळ्याचा आहे, यंत्राचा नाही, असं तिने लिहिलं. इतकं हळू करून पाहिलं तर जगातला एक चालणारा सुटायचा नाही. मी इतकी वर्षं रस्त्याच्या कडेला बसले आहे, माझ्या डोळ्यांना या मुलीच्या पायांखाली उजेड दिसलेला नाही. आणि आधीच्या स्पर्धेत ज्या पंचाने बदकला लाल कार्ड लिहिलं होतं त्यालाही जाता जाता सुचवलं, की एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. तो पंच एरवी ऑफिसात चहाला यायचा. यायचा बंद झाला, पण पुढच्या स्पर्धेत त्याने बदककडे बघून नुसती पिवळी पाटी दाखवली.

डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हटलं होतं. मावशी काळा चष्मा चढवून तळ्यावर गेली. पुढच्या रविवारी निवड चाचणी होती, त्यातून तिघी परदेशच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होत्या, आणि या वेळी पंच बाहेरून येणार होते. अशा वेळी घरात बसणं तिच्याने होईना.

तिने स्टूल टाकलं. लांबून बदक येताना दिसली, नव्या डोळ्याला तिच्या कानातली कुडीसुद्धा दिसली, आणि मावशीला भरून आलं. मग ती समोरून गेली.

मावशीने चष्मा काढला. पुढच्या फेरीला नीट वाकून बसली. बदक गेली. बुटांखाली उजेड होता. चुकून एखाद्या पावलाला नाही, प्रत्येक पावलाला, दाराखालून पत्र सरकवता येईल इतका. मावशीने उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याला बदक सुरेख चालत होती, पाय डांबराला चिकटून, सगळं कसं गुळगुळीत. डावा मिटला, की पुन्हा तो उजेड. तिने कितीदा तरी अदलाबदल केली. जुन्या डोळ्याचं आणि नव्या डोळ्याचं काही केल्या पटेना.

तोंड उघडलं होतं तिने. शब्द आला नाही. रविवार पाच-सहा दिवसांवर आणि आज हिला थांबवायचं, तर ती पाऊल टाकायलाच बिचकेल. आणि न थांबवावं तर ते बाहेरचे पंच तिथे काही लेख वाचून येणार नव्हते.

सराव संपल्यावर बदक घाम पुसत आली आणि तिने विचारलं, की नवीन डोळ्याने कशी दिसते मी. मावशी म्हणाली, छान.

तिथून तिच्या जिवाची जी उलघाल सुरू झाली ती काही केल्या थांबेना. घरी येऊन तिने खिडक्यांच्या काचा पुसल्या. पुसून झाल्यावर बाहेरून पुसल्या. बहिणीने विचारलं काय झालंय, तर म्हणाली धूळ. ऑफिसात गेली तर संपादक वाटच बघत होते. चाचणीच्या आधी त्या लेखाचा पुढचा भाग हवा, स्लोमो पुन्हा काहीतरी घेऊन येणार, आपण आधीच ठोकू, असं त्यांचं म्हणणं. तिने हो म्हटलं, खुर्चीत बसली, उठली, पाणी प्यायली, बसली. कागदावर एक ओळ लिहिली आणि खोडली. शेजारच्या टेबलावरचा चेंडूवाला म्हणाला, मावशी, एक तर बसा नाहीतर उभ्या राहा, मला गरगरतंय.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता पोलिसांच्या मैदानाकडे गेली. तिथे बदकची मोठी प्रतिस्पर्धी चालायची, पोलीस संघातली उंच मुलगी. मावशीला मनातून वाटत होतं, की या नव्या डोळ्याची खोडच असेल तशी, त्याला सगळ्यांच्याच पायांखाली उजेड दिसत असेल. मग काय, प्रश्नच मिटला. कुंपणाला नाक लावून ती बराच वेळ उभी राहिली. उंच मुलगी येत होती, जात होती. कधी थोडं सुटल्यासारखं वाटायचं, एखादं पाऊल, दमल्यावर. बाकी तिचा पाय जमीन सोडत नव्हता. पहारेकऱ्याने येऊन विचारलं, बाई, कुणाला भेटायचंय. मावशी म्हणाली कुणाला नाही, आणि तिथून जी निघाली ती बससुद्धा न घेता घरापर्यंत चालत आली, वाटेत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे बघत.

बहीण एका क्लबच्या विजारींना इलॅस्टिक घालत होती. मावशीने दाराला कडी लावली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बहिणीने यंत्र थांबवलं. मग ती म्हणाली की मला तुझ्या डोळ्यांचं कळलं होतं. वर्षभर तू माझ्या सुईत दोरा ओवायला बसलीस की सुईच्या शेजारून ओवतेस. पण मी म्हटलं, पायांचं काय एवढं, पाय सुईएवढे बारीक थोडेच असतात.

"तेव्हा बोलायचं नाही का मग?"

"तुला बोललेलं आवडतं का?" बहीण म्हणाली. "सांग तिला. रविवारच्या आधी सांग."

मावशी म्हणाली, चाल मोडेल तिची. गेली दोन वर्षं ज्यावर उभी आहे तेच काढून घेतल्यासारखं होईल, आणि ते चार दिवसांत.

"मोडू दे. पंचाच्या पाटीवरून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं. आणि तू बोलणार नसशील तर मी बोलते, पण मला ते नीट सांगता यायचं नाही. मला तर त्या सगळ्याच तरंगताना दिसतात."

बदक न्हाणीघरात बूट धूत बसली होती. नाड्या वेगळ्या काढून बादलीत टाकलेल्या, एक बूट हातात, एक पालथा. मावशी उंबऱ्यात उभी राहिली. इकडचं तिकडचं काहीतरी बोलावं असं तिने ठरवलं होतं, पण ते आठवेना.

"तू उचलतेस," ती म्हणाली.

बदकला आधी कळलंच नाही. मग तिने विचारलं, कधी, कुठल्या फेरीला.

"सगळ्या. प्रत्येक पावलाला."

बदक हसली. तिला वाटलं स्लोमोची थट्टा चालली आहे. मग तिने मावशीच्या तोंडाकडे पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला. मावशीने दोन्ही डोळ्यांची हकीकत सांगितली, पोलिसांच्या मैदानाचंही सांगितलं, कुंपणासकट. बदक ऐकत होती आणि बुटाच्या तळव्यावर बोट फिरवत होती, टाचेपासून चवड्यापर्यंत, चवड्यापासून टाचेपर्यंत.

"म्हणजे मी सुधारले नव्हते," ती म्हणाली. "तुला दिसत नव्हतं."

मावशी म्हणाली की सुधारलीही असशील थोडी.

"थोडी," बदक म्हणाली, आणि नळ सोडला. नळाच्या आवाजात पुढचं बोलता येईना, आणि तो तिने त्यासाठीच सोडला होता.

त्यानंतर ती घरात फारशी थांबली नाही. सकाळी पिशवी घेऊन जायची, पण तळ्याच्या रस्त्याला नाही, कुठल्या दुसऱ्याच. मास्तरांचा फोन आला, की पोरगी कुठे आहे. आईने सांगितलं, पोरगी चालायला गेली आहे, आता चालणाऱ्या माणसाला शोधायचं कुठे. मावशीने स्टूल पलंगाखाली सरकवलं, मग काढलं, मग पुन्हा सरकवलं. संपादकांना तिने लेख दिला नाही. डोळ्याचं निमित्त सांगितलं, ते खोटंही नव्हतं. जेवायला तिघी एकत्र बसत आणि मीठ दे, पाणी दे, एवढं बोलत. बदक रागावली आहे, की खचली आहे, की काही ठरवते आहे, मावशीला थांग लागेना. रविवारी ती कुठली चाल चालणार हेच कळेना. विचारायची सोय नव्हती. आपण विचारायचा हक्क घालवला आहे असं मावशीला वाटत होतं, आणि तरी दिवसातून दहादा प्रश्न जिभेवर यायचा.

चाचणी एका बागेभोवतीच्या रस्त्यावर होती. कडेने दोर बांधलेले, दर थोड्या अंतरावर पंच, वळणावर तो फलक आणि त्याच्या समोर वार्ताहरांचा कठडा. मावशी पोचली तेव्हा स्लोमो आधीच तिथे तिपाई रोवून उभा होता. तिला वाटलं होतं तोंड फिरवेल, पण त्याने स्वतःची घडीची खुर्ची उघडून दिली आणि म्हणाला, बसा मावशी, ऑपरेशन झालंय ना तुमचं. तिला त्याचा फार राग आला. शत्रूने असं वागू नये. ती बसली नाही.

शर्यत सुटली. पहिल्याच फेरीला तिला उत्तर मिळालं. बदक पुढच्या घोळक्यात होती, लांब पावलं, मोकळे खांदे, आणि बुटांखाली उजेड. हिने ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि ठरवलं, की दिसलं तर दिसलं. पहिल्या पंचाने पिवळी पाटी वर केली. दुसऱ्याने केली. तिसऱ्या फेरीनंतर फलकावर बदकच्या आकड्यापुढे एक लाल खूण लागली. बदकने मान वळवून ती पाहिली आणि तशीच पुढे गेली.

मावशीने उजवा डोळा मिटून पाहिला. एका क्षणापुरतं सगळं ठीक झालं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने तो उघडला.

स्लोमो मोबाइलमधून डोळा न काढता हळूच म्हणाला, "मावशी, तुम्हाला काय दिसतंय?"

त्याच्या आवाजात खोच नव्हती. खरंच विचारत होता. उलट सांगायला तिच्याकडे पुष्कळ होतं, अख्खा लेख तोंडपाठ होता. शिवाय ती म्हणू शकत होती, की अजून तीन झालेली नाहीत, झाली की बोल.

"उचलतेय," मावशी म्हणाली.

त्याने मोबाइल खाली केला. "तुम्ही म्हणाला होतात, तुमच्या डोळ्यांना..."

"तेव्हाच्या डोळ्यांना. ते अधू होते. मला माहीत नव्हतं, तिला तर त्याहून नाही."

मग त्याने विचारलं, की हे मी टाकू का.

"टाक. पण मी बोलले म्हणून टाक. तिच्या पायांची फीत नको लावूस वर."

तो बरं म्हणाला. पाळेल की नाही कोण जाणे. ती पुन्हा रस्त्याकडे वळली तोवर फलकावर दुसरी लाल खूण लागली होती. आता एकच उरली होती. घोळका फुटला होता, उंच मुलगी पुढे निघून गेली होती आणि बदक तिच्यामागे तिसरी होती. तिसरी म्हणजे परदेशवारी. तिसरी म्हणजे दोन वर्षांचं चीज. मावशीच्या हाताला कठड्याचा रंग लागला इतका घट्ट तिने तो धरला होता.

बदक वळणावर आली. तिने फलकाकडे पाहिलं. दुसरी खूण पाहिली. मावशीकडे पाहिलं नाही. आणि मग तिची चाल बदलली.

आधी मावशीला वाटलं, पायात गोळा आला. पावलं एकदम तोकडी झाली, कोपरं अंगाशी आली, कंबर पुन्हा त्या जुन्या तऱ्हेने हलायला लागली, शाळेत असताना हलायची तशी, कुरूप, घाईची, फतक फतक. दोरापलीकडून कुणीतरी खो खो हसलं. मागची एक पुढे गेली. आणखी एक गेली. मावशी वाकून तिच्या बुटांकडे बघत होती. एक पाऊल, दुसरं, तिसरं. डांबर आणि तळवा, मध्ये काही नाही. ती फेरीमागून फेरी बघत राहिली. शेवटी तर श्वास धरून बघत होती, आणि पंच तिच्याइतके बघत नव्हते. तिसरी खूण लागली नाही. बदक सहावी आली.

उंच मुलगी पहिली आली आणि सगळे कॅमेरे तिच्याकडे धावले. मावशी दोराखालून वाकून खेळाडूंच्या तंबूत शिरली. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलं होतं तेही विसरली. बदक खुर्चीवर बसून बादलीत पाय सोडून होती. आई टॉवेल घेऊन उभी, तिच्या मानेवरून तो फिरवत होती, जणू पोरगी आत्ताच आंघोळ करून आली आहे. मावशी समोर उभी राहिली. तिला सांगायचं होतं की शेवटच्या फेऱ्या अशा चाललीस की मी तशा कधी पाहिल्या नाहीत. पण सहाव्या आलेल्या माणसाला हे सांगणं बरं नव्हे.

"दोन लाल पडेपर्यंत थांबलीस कशाला?" तिच्या तोंडून दुसरंच गेलं.

"तुझा नवीन डोळा खरं बोलतो का ते बघायचं होतं," बदक म्हणाली. "मला तर काहीच कळत नाही ना. मला तरंगतानाही जमिनीवरच असल्यासारखं वाटतं. दोन पंचांनी सांगितलं, मावशी बरोबर आहे. मग म्हटलं, ठीक."

"आधी विश्वास ठेवला असतास तर दोन लाल वाचली असती."

"आणि सहावीची आठवी झाले असते. ही चाल फार हळू आहे गं. मला आठवतच नव्हतं ती इतकी हळू आहे." तिने बादलीतून एक पाय काढला, बघितला, पुन्हा बुडवला. "दोन दिवस नुसती तीच आठवत होते, स्मशानामागच्या रस्त्यावर. तिथे हसायला कुणी नसतं."

आईने टॉवेल झटकला आणि म्हणाली, निदान घरी सांगायचंस तरी, आम्हा दोघींचा इकडे जीव टांगणीला लागला होता.

बदकचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. पाय मात्र पाण्यात सारखे हलत होते, पाणी काठावरून सांडत होतं. बाहेर कर्ण्यावरून निवड झालेल्या तिघींची नावं पुकारली गेली. तंबूत ती स्पष्ट ऐकू आली. मायलेकी आणि मावशी खाली बघत होत्या, आणि नावं संपली तरी कुणी मान वर केली नाही.

मग मावशीचा फोन वाजला. संपादक होते. पहिलीची मुलाखत हवी, चौकटीत मत हवं, आणि स्लोमोने आत्ता काहीतरी टाकलंय, ते खरं आहे का, असं एका दमात विचारत होते. मावशी म्हणाली, खरं आहे, लिहून देते, आणि फोन ठेवला. त्यांना पुढे बरंच बोलायचं असावं.

"लेखात माझं नाव नको," बदक म्हणाली.

"तुझं नाही, माझं लिहायचंय. पण निकालात यायचंच. पहिल्या आठ देतो आम्ही."

"निकालात चालेल." तिने पाय बाहेर काढले, टॉवेल ओढून घेतला, अर्धवट पुसले आणि ओल्या पायांतच बूट चढवले. "चल आता. इथे बसवत नाही मला."

आईने पिशवी उचलली. बागेच्या मागच्या बाजूने रस्ता घराकडे जात होता, दोर तिथपर्यंत बांधलेले नव्हते. बदक म्हणाली, उद्या तळ्यावर ये, पण ओरडायचं तर खरंखुरं ओरड, रविवार बघून नाही. मावशी हो म्हणाली. आणखी काही म्हणणार होती, पण बदक तोवर पुढे गेली होती. ती भाजीला निघालेल्या बाईसारखी साधी चालत होती, आणि तरी दोघी बहिणींना तिला गाठता येईना.